कार्डावरची आई

अंग बाहेर येतं, हे सुंदराबाईने सुनेला सांगितलं ते चार वर्षांनी. तेही आपणहून नव्हे. मरोळच्या त्या चाळीला नळ खाली होता. हंडा घेऊन जिना चढताना ती मधल्याच पायरीवर थांबली, हंडा टेकवला, आणि दोन्ही मांड्या आवळून भिंतीला धरून उभी राहिली. मागून विमला कळशी घेऊन येत होती.

"काय झालं, आई?"

"काय नाय. तू हो पुढे."

विमला पुढे झाली नाही. तिने हंडा वर नेऊन ठेवला, सासूला हाताला धरून आणलं, दार लावलं आणि म्हणाली, "आता सांगा."

सुंदराबाईने भिंतीकडे तोंड करून सांगितलं. जयवंत झाला तेव्हा सातव्या दिवशी ती लावणीला उतरली होती, गुडघाभर चिखलात. तेव्हापासून कंबर धरलेलीच. गेली चार वर्षं खोकला आला, ओझं उचललं की अंग खाली उतरतं. मग आडोशाला जाऊन हाताने आत सारायचं आणि थोडं बसायचं. बाहेर जायचं झालं तर जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधायची.

"चार वर्षं?" विमला म्हणाली.

"बायकांचा असाच असता गो. कोणाक सांगतलंय?"

खोलीत त्या दोघीच. जयवंत गिरणीत होता. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. मग मरोळच्या एका कारखान्यात चिकटला, आणि दीड वर्षात काविळीने गेला. पोर झालं नव्हतं. तेराव्याला गावाकडची माणसं आली, जेवली, आणि कोण कुणाला नेणार हा विषय न काढताच परत गेली. तेव्हापासून सासू-सून एकाच चुलीवर होत्या. एकमेकींना धरून म्हणावं, तर तसंही नाही. दोघींच्या मधला माणूस गेला होता आणि त्याची जागा तशीच रिकामी ठेवून दोघी दोन बाजूंना जेवायला बसत.

विमला इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या तपासायच्या कामावर लागली होती. दिवसभर उभं राहायचं, ट्यूबलाइटसमोर एकेक बाटली फिरवायची, तडा असेल ती डाव्या हाताला टाकायची. संध्याकाळी घरी आल्यावर तिला भाताचं शीतसुद्धा काचेसारखं दिसे.

आधी दोघी महापालिकेच्या हॉस्पिटलात गेल्या. पडद्याआड सुंदराबाईला टेबलावर घेतलं, पाय वर अडकवले, आणि मग पडदा सरकला. सात-आठ पोरं-पोरी आत आल्या. मोठे डॉक्टर इंग्रजीत काहीतरी दाखवत होते. एक मिसरूड फुटलेला पोरगा वाकून बघत होता. जयवंत गिरणीत लागला तेव्हा एवढाच होता. सुंदराबाईने पाय सोडवले, लुगडं खाली ओढलं आणि केसपेपर तिथेच टाकून बाहेर आली.

"मरान," ती विमलाला म्हणाली, "पण थंय परत जावचंय नाय."

विमलाला विम्याचं कार्ड मिळायची वेळ आली ती त्याच सुमाराला. कामगाराच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात. त्यावर त्याला आणि घरच्यांना डॉक्टर, औषध, विम्याचं हॉस्पिटल सगळं मिळे. कंपनीत फॉर्म भरायला टाइमकीपर गुणाजी राणे होते. त्यांच्याच तालुक्यातले, पन्नाशीचे. नोकरीही त्यांनीच लावली होती.

"नवरो नाय. पोरा नाय," गुणाजी लिहिता लिहिता म्हणाले. "अवलंबून आईबाप?"

"सासू आहे."

गुणाजींनी पेन खाली ठेवलं. "सासू चालणा नाय."

"म्हणजे?"

"आईबाप म्हणजे स्वतःचे. जयवंत असतो तर त्येच्या कार्डार म्हातारी ईली असती. आता तो नाय, म्हणजे ती कोणाचीच नाय."

"मी सांभाळते ना तिला! माझ्याशिवाय कोण आहे?"

"तू सांभाळ. सरकार सांभाळूचा नाय. तुझी आवस आसा मा? ती चालता. तुझ्यार अवलंबून आसा म्हणून लिवूक होया, एवढाच."

विमलाची आई गावाला होती. दोन मुलगे, सुना, भाताचं शेत, दारात गाय. विमलाकडून तिला वर्षाला एक लुगडं जाई.

"सासूक हाक काय मारतंस?" गुणाजींनी विचारलं.

"आई."

"मगे?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी विचारतंय, आईचा नाव काय. तू सांग, मी लिवतंय. घरात कोण ऱ्हवता ता बघूक मी येवचंय नाय."

विमलाने टेबलाची कड बोटाने घासली. मग म्हणाली, "रुक्मिणी सीताराम घाडी. वय बासष्ट."

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा सुंदराबाई तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"म्हणजे मी मेलंय?"

"असं काय बोलता? नुसतं डॉक्टरकडे नाव सांगायचं."

"झील गेलो. आता नावय गेला."

विमला चिडली. "मग बसा पट्ट्या बांधत! मी काय हौसेने केलं?"

सुंदराबाईने निवडलेले तांदूळ डब्यात ओतले. पण दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर तिने चुलीपुढे बसून ते नाव दोन-चारदा म्हणून बघितलं. विहिणीचं नाव. लग्नात या बाईने मानपानावरून दोन दिवस तोंड फुगवलं होतं.

विम्याच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांनी बघून चिठ्ठी दिली आणि विम्याच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे बाईडॉक्टर होती, पडदा नीट लागत होता, कुणी पोरं नव्हती. डॉक्टरीण हळू हाताची होती. तपासता तपासता तिने विचारलं, "बाळंतपणं किती झाली, रुक्मिणीबाई?"

हे विमलाने पढवून ठेवलं होतं. "चार."

"मुलं किती आता?"

"तीन. दोन झील, एक चेडू."

"मुलगे काय करतात?"

"शेती. गावाक."

"बरे आहेत ना?"

"बरे आसत."

डॉक्टरणीने ते सगळं लिहून घेतलं. बसमधून घरी येताना सुंदराबाई खिडकीशी बसली होती. साकीनाक्याला विमलाने विचारलं, "दुखतंय का?" तिने मान हलवली. दुखत नव्हतं. तिचं एकच बाळंतपण, एकच पोर. आणि आज तिने त्याचं नाव न घेता दुसरीची दोन पोरं बरी आहेत म्हणून सांगितलं होतं. जयवंतला आपण पुन्हा एकदा पोचवून आलो, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून तिने त्याच्या फोटोकडे बघायचं टाळलं.

रक्त कमी होतं म्हणून गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. असे आठ महिने गेले. शेवटी ऑक्टोबरात तारीख मिळाली. सोमवारी दाखल व्हायचं, बुधवारी ऑपरेशन. विमलाने दोन जुनी लुगडी उकळत्या पाण्यातून काढून वाळत घातली. पेला, ताट, टॉवेल एका पिशवीत भरून ठेवलं.

आणि त्या सोमवारच्या आधी, गुरुवारी दुपारी, तार आली.

सुंदराबाईने अंगठा उठवून कागद घेतला आणि शेजारच्या खोलीत जयंतीकडे गेली. जयंती साड्यांना फॉल लावायची. तिला इंग्रजी वाचता येई. तिने मशीन थांबवलं, तार वाचली आणि सुंदराबाईकडे बघितलं.

"विमलाची आई गेली. काल."

"बरोबर वाचलंस?"

"लगेच निघा म्हणून लिहिलंय. मी जाऊ का कंपनीत सांगायला?"

"नको," सुंदराबाई म्हणाली. "मी सांगतंय तिका."

खोलीत येऊन ती बसली. ऊन खिडकीतून आत येऊन फरशीवर पडलं होतं. रुक्मिणी गेली, हे आधी मनात आलंच नाही. आधी आलं ते हे, की सोमवारला चार दिवस आहेत. चार दिवस तार मिळाली नाही तर काय? तारा उशिरा येतात. कधी येतच नाहीत. तिला आपली लाज वाटली, पण विचार हलला नाही. फरशीवरचं ऊन भिंतीवर चढेपर्यंत ती त्याच्याशी भांडत बसली.

विमला सहाला आली. हात-पाय धुऊन तिने डोळ्यांवर ओला पदर धरला. जेवताना सांगत होती, सोमवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी गुणाजींनी कबूल केली आहे, दाखल करून ती परत जाईल. सुंदराबाईने तिला आणखी भात वाढला. पोटात जाऊ दे आधी. विमलाने ताट घासून पालथं घातलं, आणि मग सुंदराबाईने कनवटीची तार काढून तिच्यापुढे धरली.

"इमल, तुझी आवस गेली गो."

विमलाला इंग्रजी अक्षरं जुळवायला वेळ लागला. मग तिने कागदाची घडी घातली. आणखी एक घातली.

"काल गेली. म्हणजे आज दहन झालं असणार."

"तू जा. रात्रीची गाडी मेळता काय बघ."

"रजा कुठे आहे? ऑर्डर आहे मोठी, सगळ्यांच्या रजा बंद. तार दाखवली तरच देतात."

"मगे दाखव."

विमलाने वर बघितलं. "आणि तारेत काय लिहिलंय? आई वारली म्हणून. उद्या ती गुणाजीमामांच्या टेबलावर ठेवली, की सोमवारी हॉस्पिटलात कोण जाणार?"

सुंदराबाईने तारेची घडी उचलून पुन्हा कनवटीला लावली.

"तुमचं होऊ दे," विमला म्हणाली. "मग जाईन. आये काय आता वाट बघत नाही."

तिने अंथरूण घातलं. खालीच कंपनीतली लीलू राहत होती, आवाज जिन्यातून सगळीकडे जाई. विमला मोरीत गेली, बादलीत पाणी ओतत राहिली, आणि बादली भरून वाहिली तरी ओतत राहिली.

शुक्रवारी सकाळी तिने डोक्यावरून पाणी घेतलं, रोजचं पातळ नेसली, डबा भरला. केस मात्र विंचरले नाहीत, तसेच ओले बांधले. दारात म्हणाली, "जयंतीला सांगा, कुठे बोलू नको."

ती गेल्यावर सुंदराबाईने भाकरी घेतली आणि तशीच ठेवली. जयवंत गेला तेव्हा ती ऊर बडवून रडली होती, चार बायकांनी तिला धरलं होतं. ही पोरगी आता दिव्यासमोर उभी राहून बाटल्या फिरवत असेल. शेजारचीला कळायला नको म्हणून डोळेही पुसत नसेल. कुणासाठी? कायद्याने जी तिची कुणी नाही तिच्यासाठी.

तिने लुगड्याची पट्टी काढली, पाय रोवून घट्ट बांधली, कुलूप लावलं आणि निघाली.

कारखाना मैलभर लांब. तरणं माणूस वीस मिनिटांत जाईल. सुंदराबाई चार विजेचे खांब चालली की थांबायची. ऑक्टोबरचं ऊन डांबरातून वर येत होतं. गावठाणाच्या मागे भाताचा एक तुकडा अजून उभा होता, कापणीला आलेला. त्याला लागूनच रंगाच्या कारखान्याचं जांभळं पाणी गटारातून वाहत होतं. ट्रक गेला की ती रस्त्याच्या कडेला होई. निम्म्यावर अंग खाली आलंच. आडोसा कुठे नव्हता. रस्त्यालगत गटाराचे मोठे सिमेंटचे पाइप पडले होते, त्यातल्या एकात ती वाकून शिरली, आणि आतल्या ओलसर अंधारात जे करायचं ते केलं. बाहेर आली तेव्हा एक भंगारवाला थांबून बघत होता. तिने पदर सारखा केला आणि त्याच्या पुढून चालत गेली.

गेटवर वॉचमनने अडवलं. "किसको मांगता है? तू कोण?"

"इमलाची सासू," ती म्हणाली. "टाइमकीपराक बोलव."

गुणाजी आले. तिची दशा बघून त्यांनी वॉचमनचं स्टूल पुढे ओढलं. ती बसली नाही. बसून उठणं जास्त कठीण होतं. तिने तार पुढे केली. गुणाजींनी ती दोनदा वाचली.

"म्हातारे," ते हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी तुका ऑपरेशनाक दाखल होवचा आसा."

"ठाव आसा माका."

"चार दिस थांब. मी ह्या बघलंयच नाय असा समजतंय."

"चार दिस ती आवशीक जिती ठेवून बाटल्यो बघतली? माका नको तसला ऑपरेशन. तिका रजा दी."

"मगे कार्डावरचा नाव काढूक लागात. माझ्या हातान."

"काढ. मेल्ल्या बाईचा नाव किती दिस वापरतलंस?"

गुणाजींनी टोपी काढून कपाळ पुसलं. मग आत गेले.

विमला बाहेर आली ती डोक्याला बांधलेल्या पांढऱ्या फडक्यासकट. कुणी काही म्हणायच्या आत ती ओरडली, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? एवढं उन्हातून, असल्या अंगाने! आठ महिने मी खोटं बोलले, ते काय म्हणून?"

"बोललंस ता खूप झाला."

"आता काय करणार तुम्ही? बोला ना!"

"मुन्शिपाल्टीत जातंय."

"तिथून पळून आलात ना? पोरं उभी राहतात म्हणून?"

"उभी ऱ्हवांदेत. त्यांकाय शिकूक होया मा."

विमलाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तिथेच, वॉचमनच्या समोर, ट्रकांच्या धुळीत, ती रडायला लागली. "आये गं," एवढंच म्हणत होती. सुंदराबाईने तिच्या डोक्यावरचं फडकं सोडलं आणि तिला आपल्या खांद्याशी घेतलं. जयवंत गेल्यापासून त्या दोघी एकमेकींना अशा बिलगल्या नव्हत्या.

विमला त्याच संध्याकाळच्या एस्टीने गेली. गुणाजींनी लाल शाईने कार्डावरची ओळ मारली.

सोमवार आला. पिशवी तशीच भरलेली कोपऱ्यात होती. सुंदराबाईने पेला आणि ताट काढून फळीवर ठेवलं. एका माणसाचा भात किती टाकायचा हे तिला कळेना, रोज उरायचा. जयंती सकाळी दारातून विचारी, "बरं आहे ना?" आणि मशीनवर बसे. मग दिवसभर कुणाशी बोलायचं कारण नसे. पाचव्या दिवशी तिला वाटलं, ही परत कशाला येईल? तिथे भाऊ आहेत, घर आहे. इथे कोण? एक म्हातारी, जिच्याशी तिचं नातं कुठल्याही कागदावर नाही. सातव्या दिवशी तिने विमलाचं पातळ दोरीवरून काढलं, घडी घातली, आणि पुन्हा दोरीवर टाकलं.

नवव्या दिवशी ती एकटी बसने महापालिकेच्या हॉस्पिटलात गेली. रांगेत बसायला जागा होती पण ती उभीच राहिली. पाय वर अडकवले, पडदा सरकला, पोरं आत आली. सुंदराबाईने डोळे मिटले नाहीत. छताला कोळिष्टक होतं, तिकडे बघत राहिली. एक चष्मेवाली पोरगी वही घेऊन पुढे झाली, घाबरलेली, बहुतेक पहिलंच वर्ष.

"आजी, मुलं किती?"

"एक. जयवंत म्हणून. वारलो."

पोरीने लिहिलं, आणि लिहून झाल्यावर तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून दिलं. तारीख मिळाली ती संक्रांतीनंतरची. तीन महिने.

विमला सोळाव्या दिवशी आली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, चेहरा काळवंडलेला. गाठोडं उतरवून ती उंबऱ्यातच बसली.

"भाऊ म्हणाले, राहा."

"मगे?"

"मग काय? उद्यापासून ड्युटी आहे." तिने इकडेतिकडे बघितलं. "पाणी कोण चढवत होतं?"

"जयंतीचो घोव."

"आता मी चढवीन," विमला म्हणाली आणि हंडा घेऊन खाली गेली.

तीन महिने तिने सुंदराबाईला कळशीसुद्धा उचलू दिली नाही. दोघी फार बोलत नसत; पण जेवताना विमला आता भिंतीशी न बसता चुलीजवळ बसे.

जानेवारीत सुंदराबाई एकटीच दाखल झाली, कारण विमलाच्या रजा संपल्या होत्या. वॉर्डात दोन रांगा खाटांच्या, आणि मधे जमिनीवरही गाद्या. सकाळी ऑपरेशन, म्हणून आदल्या संध्याकाळी सिस्टर कागद घेऊन आली. विमला कामावरून थेट आली होती, हाताला काचेची पावडर तशीच.

"पेशंटचं कोण? सही लागेल."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"मी," विमला म्हणाली.

"नातं?"

"सून."

"मुलगा?"

"वारला."

सिस्टरने लिहिलं. "इथे कर."

विमलाने पेन हातात घेतलं पण टेकवलं नाही. "सून चालते?"

सिस्टर वैतागली. "का नाही चालणार? सही येते ना? कर मग, मला अजून सहा पेशंट आहेत."

विमलाने सही केली, पूर्ण नावाने, सावकाश. घंटा झाली. तिने सुंदराबाईच्या पायांवर चादर घातली, उद्या सुटल्यावर येते म्हणाली, आणि दोनदा वळून बघत गेली.

सकाळी साडेनऊला सुंदराबाईला आत नेलं. बाहेरच्या बाकावर तिच्यासाठी कुणी नव्हतं. शुद्धीवर आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं, ओटीपोटात आग होती, आणि छतावरचा पंखा दोन-दोन दिसत होता. शेजारच्या खाटेभोवती माणसं जमली होती, कुणी शहाळं सोलत होतं. आयाने ओल्या कापसाने तिचे ओठ पुसले.

"झालं हो आजी, नीट झालं. तुमचं कुणी आलं नाही?"

"येतली," सुंदराबाई म्हणाली. "सून. साडेपाचाक सुटता ती."

भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा दोन वाजले होते. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. तिने आयाला विचारून घेतलं, आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली.